घरची परवानगी नाही

अक्षता ओव्हाळ मला पहिल्यांदा दिसली ती पाण्याखाली. गुडघ्यांसाठी पाण्यात चालावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून निवृत्तीनंतर मी बिबवेवाडीतल्या एका टँकवर दुपारी तीन ते चारच्या लेडीज बॅचला जाऊ लागले होते. आम्ही पंधरा-वीस बायका छातीइतक्या पाण्यात बोलत बोलत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचो. त्या दिवशी माझ्या पोटऱ्यांना घासून काहीतरी लांबट सपकन गेलं. मी घाबरून शेजारच्या बाईंचा दंड धरला. सात-आठ हातांवर टोपी घातलेलं एक डोकं वर आलं, गॉगल कपाळावर सरकला आणि आवाज आला, "सॉरी काकू. वरून जायला जागाच नव्हती."

मला राग आला. लेडीज बॅच सांभाळणाऱ्या चंद्रभागाबाई गळ्यात शिट्टी अडकवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. त्या मूळच्या पिसोळीच्या. त्यांच्याकडे जाऊन मी तक्रार केली की ही मुलगी एक दिवस कोणाला तरी पाडेल.

"तुमी चालायला येता, ती पवायला येती," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "टँक कशापायी बांधलाय, तुमी मास्तरीण हाय, तुमीच सांगा."

चार वाजता कपडे बदलून बाहेर आले तर ती मुलगी पायऱ्यांवर बसून केस पुसत होती. मी विचारलं, तिने सांगितलं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही. पुण्यात अशी कॉलेजं काही एकच नाहीत. त्या कॉलेजचा पोहण्याचा संघ होता. कोथरूडकडच्या एका क्लबचा टँक सकाळी सहा ते आठ त्यांच्यासाठी घेतलेला होता. प्रशिक्षक होता, सरावानंतर अंडी आणि केळी होती, पाठीवर नाव छापलेले ट्रॅकसूट होते. हे सगळं मुलांसाठी. पहिल्याच महिन्यात अक्षताने क्रीडा संचालकांना विचारलं होतं की मीही येऊ का. ते म्हणाले, मुलांच्या वेळेत मुलगी आली तर बाकीच्यांचं लक्ष लागणार नाही.

म्हणजे लक्ष उडणार मुलांचं, आणि पाण्याबाहेर राहायचं हिने. जिमखान्याची फी मुलामुलींकडून सारखीच घेतात. त्या कॉलेजात मुली निम्म्याहून जास्त आहेत. त्या फीपोटी अक्षताला मिळालं ते एक पत्र: सदर विद्यार्थिनीस लेडीज बॅचमध्ये सवलत द्यावी. टँकवाल्यांनी पत्र वाचलं आणि सवलत दिली नाही.

मी हे दुसऱ्या दिवशी बॅचमधल्या बायकांना सांगितलं. त्या आपापल्या परीने चिडल्या आणि महिनाभरात एक गोष्ट जमून आली. डाव्या भिंतीलगतची पट्टी अक्षताची, तिथे कोणी चालायचं नाही. चंद्रभागाबाईंनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, तिला रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बांधल्या आणि ती टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता, म्हणून वेळ मोजायचं काम माझ्याकडे आलं. आमचा टँक पंचवीस मीटरचा. सोळा फेऱ्या झाल्या की चारशे मीटर. पंधराव्या फेरीला बायका चालायच्या थांबत आणि काठाला येऊन उभ्या राहत. कोणी ओरडत नसे. अक्षतानेच सांगितलं होतं की पाण्यात ओरडलेलं कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो.

ती पोहायला शिकली होती सासवडजवळच्या आजोळी, विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. शिकवलं वडिलांनी. भीमराव ओव्हाळ महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले. पहाटे चारला उठून कोणत्या गल्लीची चावी किती वाजता सोडायची आणि किती वाजता बंद करायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. माणूस उंच, सडपातळ, बोलायला अगदी कमी. खिशात छोटी वही. चावी सोडल्याची वेळ तिच्यात लिहिलेली. कारण लोक म्हणतात पाणी सोडलंच नाही, आणि साहेब विचारतात पुरावा काय. त्यामुळे कागद दिला की पोच घ्यायची, शिक्का मारून, तारीख टाकून, ही त्यांची सवय. शाळेत मुलीचा दाखला दिला तेव्हाही त्यांनी पोच मागितली होती, असं नंदाताई, अक्षताच्या आई, हसून सांगायच्या. नंदाताई अंगणवाडीत होत्या. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली फळी, फळीवर अक्षताचे कप. शाळेपासूनचे.

मुलगी पाण्यात फार वेळ असते, काळी पडेल, असं एक नातेवाईक बाई माझ्यादेखत म्हणाल्या होत्या. भीमराव म्हणाले, "पाण्यातून बाहेर काढायला तिला पाण्यात मी नाही घातली."

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अक्षता चारशे मीटर फ्रीस्टाइलमध्ये पहिली आली. पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मध्ये मुलांचा आठ जणांचा संघ, ट्रॅकसूट घालून, हाताची घडी घालून. त्या संघात पहिला नंबर कोणाचाच नव्हता. अक्षताचा फोटो खाली उजव्या कोपऱ्यात होता, आणि फ्लेक्स बांधणाऱ्याने त्याच कोपऱ्याची दोरी तिच्या कपाळावरून नेली होती.

जिल्ह्यातून निवडलेल्यांनी आंतरविभागीय स्पर्धेला जायचं होतं. ती त्या वर्षी नाशिकला होती. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता. अक्षताचं ते शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात एकदा नाव आलं की पुढच्या नोकरीपर्यंत त्याचा उपयोग असतो, हे तिला ठाऊक होतं, पण ती बोलायची ते फक्त एवढंच: नाशिकचा टँक पन्नास मीटरचा आहे, मध्ये वळावं लागत नाही, मला एकदा लांब पोहून बघायचंय.

आता नियम असा की मुलगी स्पर्धेला जाणार असेल तर बरोबर कॉलेजची एक महिला व्यवस्थापक पाहिजे. नियम मुलींच्या काळजीपोटी केलेला आहे. मुलांसाठी चौदा जणांची गाडी ठरली होती. आठ मुलं, प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक, असे दहा. अक्षताला सांगण्यात आलं की महिला व्यवस्थापक मिळत नाही, आणि एकटी मुलगी मुलांबरोबर कशी पाठवणार, जबाबदारी कोण घेणार. बाई शोधली नाही तर मुलीने घरी बसायचं. शोधायचं काम ज्याचं, त्याला काहीच होत नाही.

मी विचारलं, मी जाऊ का बरोबर. गुडघे काय, नाशिकला जाऊन बसायचंच तर आहे. पण बाई कॉलेजच्या नोकरीतली हवी होती.

भीमरावांनी अर्ज लिहिला. रेघांच्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, दोन प्रती. मुलीला स्पर्धेला पाठवायला आमची संमती आहे, कॉलेजने महिला व्यवस्थापक नेमावी, नेमणार नसल्यास तसं लेखी कळवावं. त्यांनी आणि अक्षताने मला बरोबर बोलावलं, कारण मला कॉलेजात बोलता येईल असं त्यांना वाटलं. बुधवार होता. नावं पाठवायची मुदत शनिवारपर्यंत होती. कॉलेजच्या आवक खिडकीपाशी आम्ही उभे होतो, कारकुनाने अर्जासाठी हात पुढे केला होता, आणि तेवढ्यात जिन्यावरून क्रीडा संचालक उतरले.

तो रणजित होता. पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होता. खो-खोत चपळ, गणितात कच्चा, स्वभावाने लाघवी. डबा विसरलेल्या मुलाला आपला डबा देणारा. अक्षता नेहमी 'पीडी सर' म्हणायची, त्यामुळे तीन वर्षं मला कळलंच नव्हतं. भर कार्यालयात त्याने माझ्या पायांना हात लावला. आम्हाला खोलीत नेलं, चहा मागवला. म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला आलात, नुसता फोन करायचा."

मग त्याने समजावून सांगितलं. अर्ज आत गेला की प्राचार्यांकडे जाणार, तिथून क्रीडा समितीकडे, समितीची बैठक पुढच्या महिन्यात. कागद झाला की काम अडकतं. "तोंडी राहू द्या. ग्रंथालयात शेफाली मॅडम आहेत, मी त्यांच्याशी बोलतो. शनिवारच्या आत नाव घालतो. माझ्यावर सोडा, बाई."

भीमराव म्हणाले, "पोच मिळाली तर बरं होईल."

आणि मी, चौतीस वर्षं मुलांना शिकवत आलेली बाई, त्यांना म्हणाले, "राहू द्या हो. माझा विद्यार्थी आहे."

भीमरावांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. माझा मान राखण्यासाठी ठेवली. त्या घडीचा मला अजून राग येतो, आणि तो रणजितवर येण्याआधी माझ्यावर येतो.

गुरुवारी रणजितचा फोन आला, बोलणं चालू आहे. शनिवारी फोन लागला नाही. सोमवारी अक्षता कॉलेजात गेली तेव्हा सर बैठकीत होते. मंगळवारी पहाटे गाडी नाशिकला गेली.

त्या दिवशीही ती तीन वाजता टँकवर आली. सोळा फेऱ्या केल्या. मी वेळ मोजली नाही, तिनेही विचारली नाही.

पुढच्या सोमवारी चार वाजता टँकच्या फाटकाबाहेर एक मुलगा हेल्मेट हातात घेऊन उभा होता. मुलांच्या संघाचा कप्तान, सलिल. अक्षता आणि मी बाहेर आलो तसा तो पुढे आला आणि म्हणाला, "अगं, तू आली का नाहीस? पर्मिशन काढायची ना घरून, फाइट मारायची."

"कोणाच्या घरून?" अक्षताने विचारलं.

"तुझ्या. सर म्हणाले ना गाडीत, तिच्या घरची परवानगी नाही. मी म्हटलं असेल, शहराबाहेर पाठवत नसतील." त्याने हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. "पाच बावन्नला गोल्ड गेलं मुलींचं. पाच बावन्न, यार. आम्ही पाचवे आलो. चार सीट रिकाम्या होत्या गाडीत, बॅगा ठेवल्या होत्या आम्ही."

अक्षताने विचारलं, "पाणी कसं होतं?"

"थंड."

"मला चाललं असतं," ती म्हणाली, आणि चालू लागली.

मला वाटलं होतं, हे ऐकून भीमराव संतापतील. त्यांनी कामावरचा शर्ट बदलला, तोच घडीचा अर्ज खिशात घातला आणि म्हणाले, "चला." वाटेत रिक्षात एकच वाक्य बोलले. "आमच्या घराबद्दल असलं काही सांगितलं की लोकांना लगेच पटतं."

आधी आम्ही ग्रंथालयात गेलो. शेफाली मॅडम तिशीच्या, बारकुड्या, पुस्तकांना क्रमांक घालत बसलेल्या. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, कधीच नाही. "माझं माहेर नाशिकचं आहे," त्या म्हणाल्या. "मी आनंदाने गेले असते. राहायची सोयसुद्धा झाली असती."

प्राचार्यांच्या खोलीत रणजितला बोलावून घेतलं. प्राचार्य सौम्य बोलणारे. त्यांनी स्पर्धेचा अहवाल काढला, कारण भीमराव तो पाहिल्याशिवाय बसायला तयार नव्हते. महिला विभागाच्या पानावर अक्षताचं नाव होतं आणि पुढे रणजितच्या अक्षरात लिहिलं होतं: घरची परवानगी नाही. ते अक्षर मी ओळखते. 'घ'ला गाठ मारायची सवय त्याला सातवीपासून आहे, आणि मी ती कितीदा सुधारायला लावली होती.

"ओव्हाळ साहेब," प्राचार्य म्हणाले, "आपण आधी लेखी दिलं असतं तर काही करता आलं असतं. आमच्याकडे आपलं काहीच आलेलं नाही."

"साहेब नका म्हणू, चावीवाला आहे मी," भीमराव म्हणाले. त्यांनी अर्ज काढून टेबलावर ठेवला. "हा त्या बुधवारचा. तारीख बघा. तुमच्या खिडकीवर हात पुढे आला होता, तेव्हा या सरांनी थांबवलं."

रणजित माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी सांगा ना. माझा हेतू वाईट नव्हता. एका मुलीसाठी वेगळी खोली, वेगळी परवानगी, वेगळी सही, ऐन वेळी सगळं कुठून करणार होतो मी?"

तो खरं बोलत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला फक्त त्रास नको होता, आणि त्रास टाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तीन शब्द लिहिणं. ते खोटे आहेत का, हे कोणी तपासणार नाही हे त्याला माहीत होतं. मुलगी आली नाही, तर घरच्यांनीच पाठवली नसेल. पुढचं काही विचारायची कोणाला गरज वाटत नाही. असे किती अहवाल गेले असतील, आणि किती बापांच्या नावावर हे तीन शब्द चढले असतील.

मी म्हणाले, "रणजित, त्यांचा अर्ज मी खिशात ठेवायला लावला. तुझ्या शब्दावर. मी काय सांगू?"



प्राचार्यांनी तोडगा काढला. वार्षिक संमेलनात अक्षताचा सत्कार करू, शाल, श्रीफळ, पाहुण्यांच्या हस्ते. स्पर्धा तर होऊन गेली, आता त्या ओळीने काय फरक पडतो.

"मला पडतो," भीमराव म्हणाले.

अक्षता इतका वेळ दाराजवळ उभी होती. ती म्हणाली, "सत्कार नको, सर. ती ओळ खोडा आणि खरं कारण लिहा. कॉलेजने मॅनेजर दिली नाही, एवढंच लिहा. माझ्या पप्पांनी मला विहिरीत पोहायला शिकवलंय. ते मला नाही म्हणाले असं कुठेही लिहिलेलं मला नकोय."

प्राचार्यांनी अहवाल मिटला. म्हणाले, अहवाल विद्यापीठाकडे गेलेला आहे, पण शुद्धिपत्र पाठवता येईल. भीमराव त्या दिवशी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊनच खिडकीपासून हलले.

शुद्धिपत्र तीन आठवड्यांनी गेलं. त्यात लिहिलं होतं की खेळाडू तांत्रिक कारणास्तव सहभागी होऊ शकली नाही. भीमरावांनी पुन्हा अर्ज दिला की तांत्रिक कारण म्हणजे कोणतं. मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. पाचव्या महिन्यात उत्तर आलं: महाविद्यालयाकडून महिला व्यवस्थापकाची नेमणूक न झाल्यामुळे. तोपर्यंत विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी भुवनेश्वरला जाऊन परतही आला होता. चारशे मीटरमध्ये विद्यापीठाकडून उतरली ती पाच बावन्नवाली. तिला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. ती नाशिकला पोहोचली, पाण्यात उतरली, जिंकली. तिच्या कॉलेजात कोणीतरी एक बाई शोधली होती.

पुढच्या वर्षी त्या कॉलेजातून दोन मुली नाशिकला गेल्या, शेफाली मॅडमबरोबर. हे कॉलेजने आपणहून केलेलं नाही. भीमरावांच्या चार अर्जांची फाइल झाली होती, म्हणून केलं. ट्रॅकसूट मात्र त्यांना मुलांचे गेल्या वर्षीचे दिले, बाह्या दुमडून घालायला सांगितल्या. मुलांच्या पाठीवर नवे छापले.

रणजित दिवाळीला फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तो पाया पडायला वाकला तेव्हा मी पाय मागे घेतले. मला ते आवडलं नाही, पण घेतले.

अक्षता बी.कॉम. झाली. महापालिकेच्या एका तलावावर प्रशिक्षकाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. तिथे विद्यापीठ किंवा आंतरविभागीय पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र मागत होते. तिच्याकडे आहे ते जिल्ह्याचं. सध्या ती कोथरूडमधल्या एका मोठ्या सोसायटीच्या टँकवर सकाळी सहा ते दहा सहायक प्रशिक्षक म्हणून काम करते. तिच्याकडे सहा ते नऊ वयोगटातली बावीस मुलंमुली आहेत.